निसर्गातील सील आणि वयानुसार बदलणारे रक्तरसायन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरापासून कोणत्याही दिशेने निघालो तरी समुद्र पाचशे किलोमीटरहून दूरच राहतो, आणि भारताच्या किनाऱ्यावर तर सील या समुद्री सस्तन प्राण्याची एकही वसाहत नाही. तरीही पशुवैद्यकाचे विद्यार्थी, लॅबमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आणि प्राणिजीवनाची आवड असलेले वाचक या विषयावर सातत्याने प्रश्न विचारतात. त्याचे कारण उघड आहे. वाघ असो, बिबट्या असो वा घरातला कुत्रा, रक्ताच्या रिपोर्टवरील आकडा वयाशिवाय वाचता येत नाही, आणि ही गोष्ट सीलमध्ये जितक्या ठळकपणे दिसते तितकी फार थोड्या प्राण्यांत दिसते. सीलचे बालपण काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपते आणि त्या अवधीत त्याचे रक्त जणू दोन-तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे असावे इतके बदलते.

रक्तरसायन म्हणजे नेमके काय मोजले जाते?

रक्त गोठू दिल्यानंतर वर राहणाऱ्या सीरममधील, किंवा न गोठवता पेशी वेगळ्या केलेल्या प्लाझ्मामधील, विरघळलेले घटक मोजले जातात. त्यांत ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन, एकूण प्रथिने, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, बिलिरुबिन, कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम आणि यकृत, हाडे व स्नायू यांच्याशी संबंधित काही एन्झाइम येतात. तांबड्या व पांढऱ्या पेशींची मोजणी तांत्रिकदृष्ट्या वेगळी तपासणी आहे. सीलच्या बाबतीत मात्र हिमोग्लोबिन बाजूला ठेवून वयाचा विचार पुरा होत नाही, म्हणून पुढे त्याचाही समावेश केला आहे.

वय वाढते तसे सर्वसाधारणपणे कोणते घटक वाढतात आणि कोणते कमी होतात?

अल्कलाइन फॉस्फटेज आणि फॉस्फरस पिल्लांमध्ये जास्त असतात आणि वाढ पुरी होत आली की खाली येतात. ग्लोब्युलिन आणि त्यामुळे एकूण प्रथिने वयाबरोबर चढत जातात. स्नायू वाढतात तसे क्रिएटिनिन वाढते. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दूध पिण्याच्या काळात फार वर असतात आणि दूध तुटल्यावर उतरतात. सोडियम, क्लोराइड आणि कॅल्शियम यांवर वयाचा परिणाम तुलनेने थोडा होतो, कारण शरीर त्यांना घट्ट पकडून ठेवते. ही दिशा बहुतेक सस्तन प्राण्यांत सारखीच आहे. सीलचे वेगळेपण त्या बदलांच्या वेगात आहे, आणि मध्येच येणाऱ्या प्रदीर्घ उपासात.

पिल्लांचे अल्कलाइन फॉस्फटेज प्रौढांच्या काही पट असते. तो यकृताचा आजार समजावा का?

समजू नये. हे एन्झाइम यकृतातून येते तसेच हाडे घडवणाऱ्या पेशींतूनही येते, आणि वाढत्या वयात रक्तातील त्याचा मोठा भाग हाडांकडून आलेला असतो. शाळकरी मुलाच्या रिपोर्टवर हाच आकडा प्रौढांच्या मर्यादेबाहेर दिसल्याने घाबरलेले पालक प्रत्येक डॉक्टरांनी पाहिलेले असतात. अंटार्क्टिकातील वेडेल सील या जातीचे पिल्लू जन्मतः साधारण २५ ते ३० किलोंचे असते आणि सहा-सात आठवड्यांत शंभर किलोंच्या घरात पोहोचते. या वाढीत चरबीचा वाटा मोठा असला तरी सांगाडाही वाढत असतोच, आणि एवढ्या वेगाने हाड बनत असताना हे एन्झाइम कमी असते तर उलट चिंता वाटायला हवी होती. उपासमारीने वाढ खुंटलेल्या पिल्लात ते घसरते. म्हणून किनाऱ्यावर एकटे सापडलेल्या पिल्लाचा रिपोर्ट पाहताना प्रौढाच्या तक्त्यात बसणारा, दिसायला ‘नॉर्मल’ असा आकडा फसवा ठरू शकतो.

फॉस्फरसचेही असेच आहे. कोवळ्या हाडाला खनिजाचा पुरवठा सतत हवा असतो आणि वाढीच्या काळात मूत्रपिंडे फॉस्फरस अधिक प्रमाणात राखून ठेवतात. प्रौढात तेवढाच फॉस्फरस दिसला तर मूत्रपिंडांची तपासणी करणे भाग पडते.

दूध पिणाऱ्या पिल्लाचे सीरम दुधासारखे पांढुरके का दिसते?

कारण त्यात खरोखरच चरबीचे सूक्ष्म थेंब तरंगत असतात. गाईच्या दुधात चरबी साधारण चार टक्के आणि म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के असते, तर हूडेड सील या उत्तर अटलांटिकमधील जातीच्या दुधात ती सुमारे साठ टक्के असते. त्या जातीचे पिल्लू अवघे चार दिवस दूध पिते आणि तेवढ्यात वजन जवळजवळ दुप्पट करते. ग्रे सीलचे दूध सोळा-अठरा दिवसांत तुटते, हार्बर सीलचे तीन-चार आठवड्यांत. उत्तरेकडील एलिफंट सीलमध्ये चरबीचे प्रमाण सुरुवातीला कमी असते आणि पुढच्या चार आठवड्यांत वाढत वाढत निम्म्याच्या वर जाते.

एवढी चरबी आतड्यातून रक्तात उतरत असताना ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल वर राहणारच. अडचण दुसऱ्याच ठिकाणी येते. लॅबमधील बहुतेक चाचण्या नमुन्यातून प्रकाश किती आरपार जातो यावर चालतात, त्यामुळे सीरम गढूळ असेल तर बिलिरुबिनपासून प्रथिनांपर्यंत अनेक आकडे चुकीचे येऊ शकतात. ‘पिल्लांमध्ये अमुक घटक जास्त आढळला’ असे वाचनात आले, तर त्या नमुन्यातील चरबीचे काय केले होते हे आधी शोधावे असा माझा आग्रह असतो. लहान वयाचा म्हणून नोंदलेला एखादा फरक प्रत्यक्षात गढूळ नळीचा असू शकतो.

दूध तुटल्यानंतरच्या उपासाचा रक्तावर काय परिणाम होतो?

या विषयातील सर्वांत समृद्ध भाग हाच आहे, आणि वय व आहार एकमेकांपासून सोडवणे किती अवघड आहे तेही येथेच कळते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आन्यो न्युएवो येथे एलिफंट सीलची जी वसाहत आहे, तिचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. तिथली मादी पिलावळीच्या काळात स्वतः काहीही न खाता पिल्लाला सुमारे चार आठवडे पाजते आणि एके दिवशी समुद्रात निघून जाते. मागे राहिलेले गुबगुबीत पिल्लू पुढचे दोन ते तीन महिने किनाऱ्यावरच असते. त्या अवधीत ते काहीच खात नाही, पाणीही पीत नाही, साठवलेल्या चरबीवर जगते आणि रात्रीच्या वेळी उथळ पाण्यात पोहण्या-बुडण्याचा सराव करते. चरबी जळताना तयार होणारे पाणी त्याला पुरते.

माणसाने इतका उपास केला तर शरीर स्नायूंतील प्रथिने मोडू लागते आणि नायट्रोजनचा कचरा युरियाच्या रूपाने बाहेर टाकते. एलिफंट सीलचे पिल्लू प्रथिने फार काटकसरीने वापरते. त्याच्या ऊर्जेचा अगदी थोडा वाटा प्रथिनांतून येतो, त्यामुळे उपासाच्या काळात रक्तातील युरिया वाढण्याऐवजी कमी होतो. मुक्त मेदाम्ले वाढतात, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक हळूहळू चढत जाते, आणि चरबीचा साठा आटत आल्यावर युरिया पुन्हा वर येऊ लागतो. पिल्लाने किनारा सोडण्याची वेळ साधारण हीच असते.

आता समजा, एका संशोधकाने दूध पिणारी, नुकतीच दूध तुटलेली आणि वर्षभराची अशा तीन वयोगटांतील पिल्लांचे रक्त तपासले आणि युरियाची सरासरी मांडली. पहिल्या गटातून दुसऱ्यात जाताना युरिया उतरलेला दिसेल आणि तिसऱ्यात, मासे व माकूळ खाऊ लागलेल्या पिल्लांत, तो चांगलाच चढलेला दिसेल. यातून ‘युरिया वयाबरोबर आधी घटतो व मग वाढतो’ असे म्हणणे शब्दशः खरे ठरेल, पण त्याचे कारण वय नसून ताटात काय आहे हे असेल. वयाचा तक्ता छापताना शेजारी ‘उपाशी’ किंवा ‘खाणारे’ असा रकाना नसेल, तर त्या तक्त्यावर मी तरी विसंबणार नाही.

सीलच्या रक्तातील साखर शंभराच्या वर असते. म्हणजे सीलला मधुमेह असतो का?

नाही. अनेक जातींच्या सीलमध्ये ग्लुकोज १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, कित्येकदा १५०च्या आसपास, निरोगी अवस्थेत असते, आणि पिल्लांत ते आणखी वर असू शकते. एलिफंट सीलचे पिल्लू महिन्याभराच्या उपासातही साखर वरच राखते, तर इन्सुलिन कमी असते. माणसाचा मापदंड लावला तर हे सगळे प्राणी रुग्ण ठरतील, म्हणून तो लावू नये इतकेच.

ग्लोब्युलिन वयाबरोबर का वाढते?

ग्लोब्युलिनच्या मोठ्या भागात प्रतिपिंडे असतात, आणि प्रतिपिंडे म्हणजे शरीराने आजवर ज्या जिवाणू, विषाणू व कृमींशी सामना केला त्यांची साठत गेलेली नोंद. पिल्लाकडे जन्मतः ही नोंद फारशी नसते. मांसाहारी गणातील प्राण्यांच्या वारेतून आईची प्रतिपिंडे मर्यादित प्रमाणातच पलीकडे जातात, म्हणून पहिल्या दिवसांतील चिकाचे महत्त्व सीलमध्येही आहेच. त्यानंतर वसाहतीतील गर्दी, माशांतून येणारे कृमी आणि फुप्फुसांतील जंत यांच्या संपर्काने ग्लोब्युलिन वर्षागणिक चढते. अल्ब्युमिन फारसे हलत नाही, त्यामुळे अल्ब्युमिन व ग्लोब्युलिन यांचे गुणोत्तर वयाबरोबर घसरते.

याचा व्यवहारातील अर्थ समजण्यासाठी उत्तर युरोपातील उदाहरण पाहावे. १९८८ साली डेन्मार्कच्या आन्होल्ट बेटाजवळ सुरू झालेल्या फोसिन डिस्टेंपर विषाणूच्या साथीने हार्बर सील हजारोंच्या संख्येने मेले. साथीतून वाचलेल्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती, मात्र साथीनंतर जन्मलेल्यांत ती नव्हती. वर्षे सरत गेली, प्रतिपिंडे असलेल्या सीलचा वाटा घटत गेला, आणि २००२ साली तीच साथ पुन्हा त्याच बेटापासून पसरली. एखाद्या वसाहतीतील प्रतिपिंडांचा आलेख वयानुसार मांडला, तर मागची साथ केव्हा येऊन गेली याचा अंदाज त्या आलेखातील पायरीवरून करता येतो.

हा विषाणू कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा जवळचा नातलग आहे. बैकल सरोवर आणि कॅस्पियन समुद्र येथील सील तर कुत्र्यांच्याच डिस्टेंपरने मेल्याचे नोंदले गेले आहे. २०१८ साली गीरमधील सिंहांतही कुत्र्यांच्या डिस्टेंपरचाच विषाणू आढळला होता. भटक्या कुत्र्यांचे लसीकरण आणि जंगली मांसाहारी प्राण्यांचे आरोग्य यांचा संबंध विदर्भातील पशुवैद्यकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पिल्लू प्रौढासारखे खोल का बुडू शकत नाही? रक्ताचा त्यात काय भाग आहे?

रक्ताचा भाग फार मोठा आहे. माणसाच्या शरीरात रक्त वजनाच्या सुमारे सात टक्के असते, तर वेडेल किंवा एलिफंट सीलमध्ये ते पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत असते, आणि त्यात तांबड्या पेशींचे प्रमाणही माणसापेक्षा बरेच जास्त असते. स्नायूंत मायोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन साठवणारे प्रथिन, इतके असते की मांस काळपट दिसते. प्रौढ वेडेल सील साधारण वीस मिनिटांपर्यंत या साठ्यातील ऑक्सिजनवर भागवतो. त्याहून लांब बुडी मारली तर वर आल्यावर रक्तातील लॅक्टेट (ऑक्सिजन अपुरा पडल्यावर साठणारे द्रव्य) वाढलेले आढळते, हे अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंड येथे बर्फाला भोके पाडून केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

पिल्लाकडे हा साठा जन्मतः नसतो. हिमोग्लोबिन जन्मानंतर काही काळ उलट कमीच होते, कारण शरीर व रक्ताचे एकूण आकारमान झपाट्याने वाढते आणि नव्या पेशी तयार होण्याचा वेग त्याला पुरा पडत नाही. या उताराला आजार मानू नये. पुढे हिमोग्लोबिन चढते, तर स्नायूंतील मायोग्लोबिनला प्रौढाच्या पातळीवर यायला त्याहूनही अधिक काळ लागतो. मांस काळे पडण्याआधी पिल्लाने खोल जाऊ नये असाच निसर्गाचा हिशेब दिसतो.

या सगळ्याला लोह लागते आणि दूध पिण्याच्या काळात ते आईकडूनच येते. वेडेल सीलवर अलीकडे झालेल्या कामातून असे दिसले आहे की पाजणारी मादी आपल्या शरीरातील लोह मोठ्या प्रमाणात दुधात उतरवते आणि त्याची किंमत म्हणून तिचे स्वतःचे हिमोग्लोबिन घटते व बुडण्याची क्षमता काही काळ कमी होते. म्हणजे सात वर्षांच्या दोन माद्यांचे रक्त तपासले आणि त्यांतील एक पाजून नुकतीच मोकळी झाली असेल, तर एकाच वयातही दोघींचे आकडे जुळणार नाहीत.

आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सीलची प्लीहा तांबड्या पेशींचे कोठार असते. बुडी मारताना किंवा घाबरल्यावर ती आकुंचन पावून पेशी रक्तात सोडते, आणि भूल दिल्यावर सैल होऊन त्या पुन्हा आत ओढून घेते. त्यामुळे धडपडणाऱ्या पिल्लाचे आणि शांतपणे गुंगीत असलेल्या प्रौढाचे हिमोग्लोबिन शेजारी मांडून वयाचा फरक काढणे सदोष ठरते.

क्रिएटिनिन आणि युरिया यांवरून मूत्रपिंडांचा आजार कसा ओळखावा?

दोन्ही एकत्र, आणि वय व आहार लक्षात घेऊन. क्रिएटिनिन स्नायूंच्या प्रमाणात तयार होते, म्हणून पिल्लात कमी आणि मोठ्या नरात जास्त असणे स्वाभाविक आहे. मासे खाणाऱ्या सीलमध्ये युरिया माणसापेक्षा जास्तच असतो.

खऱ्या आजाराचे चांगले उदाहरण सीलच्या चुलतभावंडांत, कॅलिफोर्नियाच्या सी लायनमध्ये सापडते. कोकणात पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते त्याच गटातील जिवाणू १९७० सालापासून तिथल्या सी लायनमध्ये साथी घडवतो. रुग्ण बहुधा कुमार किंवा तरुण नर असतात. त्यांच्या रक्तात युरिया, क्रिएटिनिन आणि फॉस्फरस हे तिन्ही एकदम वर गेलेले दिसतात. एकटा फॉस्फरस वाढलेला असेल आणि प्राणी वर्षाच्या आतला असेल तर तो वाढीचा भाग असू शकतो. तिन्ही वाढले असतील तर वय हे उत्तर पुरत नाही.

निसर्गातील सीलचे वय कसे कळते?

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पिल्लू असतानाच त्याच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाचा बिल्ला लावणे आणि पुढे दरवर्षी तो वाचणे. अंटार्क्टिकातील एरेबस उपसागरात वेडेल सीलवर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून असे काम चालू आहे, आणि कॅनडातील सेबल बेटावर ग्रे सीलच्या जन्मवर्षांची नोंद अनेक दशकांची आहे. दुसरा मार्ग दाताच्या मुळावरील थर मोजण्याचा. झाडाच्या खोडाप्रमाणे तिथेही वर्षाला एक वलय चढते, मात्र त्यासाठी दात काढावा लागतो. बाकी वेळी लांबी आणि केसांची अवस्था पाहून ‘पिल्लू’, ‘कुमार’, ‘प्रौढ’ एवढीच विभागणी होते, आणि प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच तक्त्यांत वय म्हणजे एवढेच असते.

सीलचे रक्त घेतात कुठून? चरबीखाली शीर सापडते का?

खऱ्या सीलच्या, म्हणजे वेडेल, हार्बर किंवा एलिफंट सीलसारख्या जातींच्या, पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या वरच्या बाजूने, एक मोठी शीर जाते. कमरेच्या मणक्यांमधून मध्यरेषेवर सुई घालून तीतून रक्त घेतात. मोठ्या प्राण्यासाठी लांब सुई लागते. सी लायन व फर सीलमध्ये मात्र शेपटीजवळच्या स्नायूंतील किंवा पायांच्या बोटांमधील शिरा वापरल्या जातात. पिल्लांना दोघे-तिघे मिळून धरता येते. प्रौढांना टिलेटामिन-झोलाझेपाम किंवा तत्सम औषधाची भूल द्यावी लागते, आणि वेडेल सीलसारखी जात भुलेत श्वास रोखून धरते म्हणून ते काम जोखमीचे असते.

पिल्लांना जागेपणी धरणे आणि प्रौढांना भूल देणे हाच फरक रक्तात उतरतो. धडपडीने क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतील एन्झाइम, लॅक्टेट आणि कॉर्टिसॉल वाढतात. त्यामुळे तक्त्यात ‘पिल्लांत क्रिएटिन कायनेज जास्त’ असे दिसले तर त्यांना किती वेळ धरून ठेवले होते, हे विचारणे सयुक्तिक ठरते.

नमुना हाताळताना कोणत्या चुका होतात?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना प्लेन बल्ब, म्हणजे रसायन न घातलेली रक्ताची नळी, दोन तास गाडीत राहिला तर पेशी ग्लुकोज खाऊन टाकतात आणि साखर खोटी कमी येते. अंटार्क्टिकात याच्या उलट घडते. नळी थंडीने गोठते, तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातील एन्झाइम व लोह सीरममध्ये मिसळून आकडे फुगवतात. उपाय दोन्हीकडे एकच आहे. रक्त साकळले की लगेच सेंट्रिफ्यूज करावे, सीरम वेगळे काढावे आणि मगच शीतपेटीत किंवा फ्रीझरमध्ये ठेवावे.

दुसरी चूक आपल्याकडील लॅबमध्येही नेहमी दिसते. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त साकळू न देणारे रसायन) बल्बमधील रक्त थोडे जरी प्लेन बल्बमध्ये गेले, तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फटेज खोटे घटतात. पिल्लाचे अल्कलाइन फॉस्फटेज अचानक प्रौढासारखे आले तर उपासमारीचा निष्कर्ष काढण्याआधी कॅल्शियमकडे नजर टाकावी.

म्हाताऱ्या सीलच्या रक्तात वार्धक्य दिसते का?

अपेक्षेपेक्षा कमी दिसते, आणि त्यामागे मोजणीच्या पद्धतीचा वाटा आहे. वेडेल सील तिशीपर्यंत, तर बैकलमधील सील पन्नाशीच्या पुढेही जगू शकतो. पण जी मादी पंचविसाव्या वर्षी बर्फावर भेटते, ती तिच्या पिढीतील इतर सर्व मेल्यानंतर उरलेली असते. दुर्बळ मूत्रपिंडाच्या, कृमींनी पोखरलेल्या, शिकारीत मागे पडणाऱ्या साथिणी नमुन्यात येतच नाहीत. त्यामुळे वेगवेगळ्या वयांच्या प्राण्यांची एकदाच तपासणी करून काढलेला आलेख म्हातारपणात सपाट, कधी कधी सुधारलेलासुद्धा दिसतो. तोच प्राणी वर्षानुवर्षे पुन्हा पकडून तपासला तरच त्याची खरी घसरण कळते, आणि बिल्ले लावलेल्या वसाहतींचे मोल यासाठीच आहे.

ऊतींकडे पाहिले तर वार्धक्य लपत नाही. सतराहून अधिक वर्षांच्या वेडेल सीलच्या स्नायूंत तरुण प्रौढांपेक्षा कोलॅजेन जास्त आढळले आहे. म्हणजे स्नायू ताठर होत जातो, पण त्याची खूण नेहमीच्या रक्ततपासणीत उमटत नाही.

नर आणि मादी यांच्या रक्तात वयानुसार वेगळे बदल होतात का?

सर्वांत ठळक फरक प्रदूषकांत दिसतो. पीसीबी ही औद्योगिक रसायने आणि डीडीटीसारखी कीटकनाशके अशी चरबीत विरघळणारी द्रव्ये नरात वयाबरोबर साठत जातात. मादीत ती पहिल्या विणीपर्यंत साठतात आणि मग दुधातून मोठ्या प्रमाणात पिल्लात उतरतात, त्यामुळे पहिलटकरणीच्या पिल्लाच्या वाट्याला सर्वाधिक ओझे येते. नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात हार्बर सीलना प्रदूषित समुद्रातील मासे खाऊ घालून प्रयोग झाले, तेव्हा त्यांच्या रक्तातील अ जीवनसत्त्व आणि थायरॉइड संप्रेरक घटले व गर्भधारणाही कमी झाली. पारा मात्र दुधावाटे फारसा जात नाही आणि दोन्ही लिंगांत यकृतात साठत राहतो.

कुत्र्याचा तक्ता सीलला चालेल का? स्वतंत्र तक्त्यासाठी किती नमुने लागतात?

चालणार नाही. दोघेही मांसाहारी गणातील असले तरी ग्लुकोज, युरिया आणि हिमोग्लोबिन या तिन्हींत गफलत होईल. पशुवैद्यकीय चिकित्सेतील प्रचलित मार्गदर्शनाप्रमाणे विश्वासार्ह मर्यादा काढण्यासाठी किमान १२० निरोगी प्राण्यांचे नमुने असणे श्रेयस्कर मानले जाते, आणि वयोगट वेगळे करायचे तर तेवढे नमुने प्रत्येक गटात हवेत. बर्फावर, वाऱ्यात, परवान्याच्या मर्यादेत हे क्वचितच साधते. वीस-तीस नमुन्यांवर बेतलेला तक्ता निरुपयोगी नसतो, पण त्याच्या कडेला उभा असलेला आकडा आजारी ठरवण्याची घाई करू नये.

नागपूरच्या विद्यार्थ्याला या कामात उतरता येईल का?

येईल, पण वाट लांबची आहे. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयातील रक्तचिकित्सेचा अभ्यास आणि गोरेवाड्यासारख्या ठिकाणी वन्यप्राण्यांना भूल देण्याचा अनुभव हा पाया म्हणून उत्तम आहे, कारण बिबट्याला भूल दिल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे पाहावे लागते त्यातील बरेचसे सीललाही लागू पडते. अंटार्क्टिकात भारताची मैत्री आणि भारती ही दोन केंद्रे आहेत. त्यांतील भारती हे २०१२ सालापासूनचे केंद्र लार्समन टेकड्यांत, म्हणजे वेडेल सीलच्या किनाऱ्यालगतच आहे. मोहिमांचे नियोजन गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. मात्र अंटार्क्टिक करारातील पर्यावरणविषयक नियम आणि भारताचा २०२२ सालचा अंटार्क्टिक कायदा यांमुळे तिथल्या सीलला हात लावण्यासाठी, अगदी जवळ जाऊन त्रास होईल असे काही करण्यासाठीही, परवाना लागतो. अर्जात किती प्राणी, कोणत्या वयाचे, किती रक्त आणि कशासाठी, हे आधी लिहून द्यावे लागते, आणि वयोगट ठरवण्याचे काम बर्फावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी, येथेच बसून करावे लागते.